अठराव्या वर्षानंतर

शाळा सुटल्याची घंटा मुलांना किती प्रिय असते, हे मी शिक्षिका असल्यामुळे रोज पाहते. परंतु काही मुलांच्या आयुष्यात अशी एक घंटा होते की, तिच्यानंतर शाळा पुन्हा भरत नाही आणि शाळेच्या जागी दुसरे काही उभेही राहत नाही. त्या मुलांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या आईबापांविषयी, आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

प्रारंभी घरचीच गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून तीव्र बौद्धिक अक्षमता आहे. त्याला चालता येते. पण आंघोळ, जेवण, कपडे या सर्व गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो. दहाबारा शब्द तो बोलतो. अधूनमधून त्याला फेफरे येते. अकरा वर्षे तो एका विशेष शाळेत जात होता. २००३ साली त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी मार्चअखेर त्याची शाळा संपली. शाळेने अन्याय केला असे मी म्हणणार नाही. तिचा नियमच तसा होता, आणि मागे लहान मुले प्रवेशासाठी खोळंबली होती. शेवटच्या दिवशी बाईंनी त्याला पेढा दिला, आईच्या हाती दाखला दिला, आणि आम्ही घरी आलो.

जून महिना उजाडला. गल्लीतली मुले नव्या छत्र्या घेऊन शाळेला निघाली. माझा भाऊ साडेआठ वाजता डब्याची पिशवी खांद्याला अडकवून दारात उभा राहिला. वडिलांनी त्याला सांगितले, "आज सुट्टी." सुट्टी हा त्याच्या दहाबारा शब्दांपैकी एक. तो मुकाट्याने आत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी, पुन्हा दार, पुन्हा सुट्टी. असे दिवाळीपर्यंत चालले. मग तो दारात येईनासा झाला. पुढे त्याचे वजन वाढले, रात्रीची झोप गेली, तो स्वतःच्या मनगटाला चावू लागला. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आजार वाढला, असेच आम्ही सर्व समजत होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला करण्यासारखे काहीच उरले नव्हते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात येण्यास पुष्कळ वर्षे लागली.

श्रोते हो, अशा मुलांच्या बालपणासाठी आपल्या समाजाने अलीकडच्या काळात थोडेफार केले आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ज्या मुलांना शाळेपर्यंत नेणेच शक्य नाही, त्यांना घरी शिक्षण घेण्याची मुभा शिक्षणहक्काच्या कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने मिळाली. परंतु या सर्व व्यवस्थेची सीमा अठराव्या वर्षाशी आहे. मूल जसे मोठे होते तशी त्याची गरज कमी होईल, असे जणू आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात उलट घडते. पाच वर्षांच्या मुलाला उचलून न्हाणीघरात नेणारी तिशीची आई आणि पंचवीस वर्षांच्या मुलाला उचलणारी पन्नाशीची आई, या दोघींच्या कंबरेला विचारा. मुलाचे वजन वाढते त्याच वर्षांत आईचे बळ ओसरते, आणि नेमकी त्याच वर्षांत बाहेरची मदत आटते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, अठराव्या वर्षाची तयारी चौदाव्या वर्षापासून करावी. ती करताना पाच प्रश्न कागदावर लिहून काढावेत. सही कोणाची? औषध कोणाचे? दिवस कसा जावयाचा? पैसा कोठून यावयाचा? आणि आमच्यानंतर कोण? आता एकेक प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न सहीचा. १८७५ सालच्या सज्ञानतेच्या कायद्यापासून आपल्याकडे अठरा पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान मानली जाते. तिला बोलता येवो वा न येवो, त्या दिवशी आईबापांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बहुतेक घरांना याचा पत्ताच नसतो, कारण दुसऱ्या दिवशी घरात काहीच बदललेले नसते. पत्ता लागतो तो बँकेच्या खिडकीशी. माझ्या भावाच्या नावाचे अल्पवयीन मुलाचे खाते होते, त्यावर वडील सही करीत. तो मोठा झाल्यावर बँकेने विचारले, आता खातेदाराची सही आणा. खातेदाराला पेन्सिल धरता येत नव्हती. त्या खात्यातील थोडी रक्कम पुढे कित्येक वर्षे तशीच पडून राहिली.

यावर उपाय होता, तो आम्हांला ठाऊक नव्हता. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी तो आहे. त्याप्रमाणे जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे तीत बसतात. आईबाप, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था यांनी अर्ज केल्यास, खरोखर गरज आहे की नाही आणि कोणत्या कामांपुरती आहे, हे पाहून ही समिती कायदेशीर पालक नेमते. दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचे कारण पडत नाही. समितीने दिलेले प्रमाणपत्र बँकांनी मानावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

पालक म्हणजे मालक नव्हे, हे येथेच सांगून टाकते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची आणि येण्यादेण्याची यादी द्यावयाची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो. पालक हेळसांड करीत असेल किंवा मालमत्तेची अफरातफर करीत असेल, तर त्याला दूर करण्याची तरतूदही कायद्यात आहे. दुसरी गोष्ट अशी की, शरीर पंगू असले तरी बुद्धी शाबूत असणाऱ्या मुलामुलींना पालकाची गरज नसते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, आपले म्हणणे नीट मांडणाऱ्या मुलीच्या वतीने दुसऱ्याने सही करणे हा तिचा अपमान होय. तिला लेखनिक हवा, उतरणीचा रस्ता हवा, मदतीचा हात हवा. ज्यांना काही निर्णयांतच आधार लागतो त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे. तेथे पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, तिच्या इच्छेला धरून, ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते काम करावयाचे असते.

आमचा अर्ज समितीपुढे आला तो २०१३ साली, म्हणजे दहा वर्षे उशिरा. त्या दिवसाचा एक प्रसंग मी विसरत नाही. सर्व जण आईला आणि मला प्रश्न विचारीत होते. समितीतील दिव्यांग सदस्यांनी मात्र आपली चाकाची खुर्ची भावाच्या जवळ नेली आणि त्यालाच विचारले, "ही तुझी ताई का? तिच्याजवळ राहणार ना?" त्याला किती समजले, देव जाणे. तो माझ्या पदराशी खेळत राहिला. पण माझ्या मनात आले, अठ्ठावीस वर्षांत कोणत्याही कचेरीत माणसाने माझ्या भावाकडे तोंड करून बोलण्याची ही पहिली वेळ.

दुसरा प्रश्न औषधाचा. मूल लहान असताना बालरोगतज्ज्ञ त्याची सारी कहाणी जाणतात. मूल मोठे झाले की ते म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नवे डॉक्टर विचारतात, फेफरे पहिल्यांदा केव्हा आले? कोणती गोळी मानवली नाही? आई आठवून आठवून सांगते, आणि निम्मे विसरते. यास्तव एक जाड वही करावी. जन्माची हकीकत, शस्त्रक्रिया, औषधे आणि त्यांचे प्रमाण, कशाची ॲलर्जी आहे, शेवटचे फेफरे केव्हा आले, हे सर्व तीत लिहावे, आणि जुन्या डॉक्टरांकडून सारांशाचे एक पत्र घेऊन तीत चिकटवावे. पण वही एवढ्यावर थांबू नये. मूल पाणी कोणत्या खुणेने मागते, कशाला भिते, भात कालवून लागतो की कोरडा, दुखले तर रडते की गप्प होते, हेही लिहावे. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीचे दिवस आणि त्या वेळची सवय लिहावी. त्यात लाज कसली? उद्या आई आजारी पडून आठ दिवस दवाखान्यात राहिली, तर ही वहीच त्या मुलाची जीभ होणार आहे. अंगाला कोणी, कसा आणि कशासाठी हात लावावा, नको असेल तर नकार कसा दाखवावा, हेही अशा मुलामुलींना खुणांनी व सरावाने शिकवावे. ज्यांना तक्रार सांगता येत नाही त्यांना धोका अधिक असतो.

राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्यविमा योजना आहे. मघाशी सांगितलेल्या चार प्रकारच्या व्यक्तींना तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, वयाची अट नाही आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही. नोंदणीचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि तेच नेमके विसरले जाते. माझ्या माहितीच्या एका घराने ही नोंदणी केली होती. शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा मुदत टळून दोन महिने झाले होते.

तिसरा प्रश्न दिवसाचा. मला वाटते, हाच सर्वांत मोठा, आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. कायद्याचा कागद एकदा मिळाला की मिळाला. पण दिवस रोज उगवतो. तीव्र अक्षमता असलेल्या मुलाला कमावता येणार नाही, तेव्हा त्याला घरी बसवून खाऊपिऊ घातले म्हणजे झाले, असे आपण म्हणतो. तुम्हांआम्हांला नोकरीतून केवळ पगार मिळतो काय? सकाळी उठण्याचे कारण मिळते, चार ओळखीचे चेहरे दिसतात, संध्याकाळी घरी परतल्यावर विसावा गोड लागतो. या गोष्टींची भूक बुद्धीच्या मोजमापावर अवलंबून नसते.

पुण्याची कामायनी ही संस्था १९६४ सालापासून या क्षेत्रात आहे, आणि मोठ्या झालेल्या मुलांना तिच्या कार्यशाळेत काम मिळते. सिकंदराबादेस १९८४ साली केंद्र सरकारने या विषयाची राष्ट्रीय संस्था काढली. आज ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था या नावाने ओळखली जाते, आणि पालकांना मार्गदर्शन व व्यवसायपूर्व शिक्षण हा तिच्या कामाचा भाग आहे. हैदराबादच्या श्रोत्यांना ती जवळ आहे. गोव्यात फोंड्याजवळ ढवळी येथे लोकविश्वास प्रतिष्ठान आहे. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांत दिवसाच्या केंद्रासाठी विकास आणि प्रौढांच्या निवासासाठी घरौंदा, अशी नावे आपल्याला आढळतील. पण हेही खरे की, खेड्यातील आईच्या दृष्टीने ही सर्व नावे दूरच्या दिव्यांसारखी आहेत. खानापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवरून रोज शहरात मुलाला कोण आणील?

म्हणून आम्ही काय केले ते सांगते. आमच्या भागातील अशा घरांची मी शाळेच्या ओळखीने चौकशी केली. नऊ घरे निघाली. त्यांतील तीन घरे एकाच रस्त्यावर असून एकमेकांना अशी मुले आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. कारण तिन्ही घरांत मुलाला पुढच्या खोलीत आणण्याची रीत नव्हती. आम्ही एक जुनी खोली मिळविली. मंगळवार आणि शुक्रवार, दहा ते दोन. एक पगारी बाई, आणि पाळीपाळीने दोन पालक. ज्यांना जमते ती मुले कागदी पिशव्या चिकटवतात, शेंगा सोलतात, कुंड्यांना पाणी घालतात. ज्यांना यांतले काहीच जमत नाही, ती उन्हात बसतात, गाणी ऐकतात, त्यांच्या हातापायांना व्यायाम दिला जातो. पिशव्या विकून वर्षाला जे मिळते त्यातून नाताळ आणि दिवाळीचा खाऊ निघतो, याहून अधिक नाही. तथापि पहिल्या सहा महिन्यांत दोन मुलांच्या झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. त्यांतील एक माझा भाऊ.

चौथा प्रश्न पैशाचा. येथे सर्वांत आधी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरील ओळखपत्र. लहानपणी मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत ठरावीक असू शकते. त्यावरील तारीख आजच काढून वाचा, आणि अठरा पूर्ण होताच फेरतपासणी करून घ्या. निरनिराळ्या राज्यांत मासिक साहाय्याच्या योजना आहेत. गोव्यात २००२ सालापासून दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे आणि तीत दिव्यांगांचा समावेश आहे. कर्नाटकातही दिव्यांगांसाठी मासिक वेतन आहे. शिवाय तेथे ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, आणि ते बहुधा स्वतःच दिव्यांग असल्याने आपली अडचण लवकर जाणतात. आपल्या सीमाभागातील आयांची एक जादा अडचण म्हणजे अर्ज कानडीत किंवा इंग्रजीत असतो, आणि त्यांना वाचता येते ते मराठी. अशा वेळी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तासभर बसून अर्ज भरून दिला, तर ती त्या घराला मोठीच देणगी होय.

ज्यांची सरकारी नोकरी आहे किंवा होती, त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगते. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे, अक्षमतेमुळे स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या मुलाला आईबापांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब-निवृत्तिवेतन मिळू शकते. पुष्कळ राज्य सरकारांचे नियमही याच धर्तीचे आहेत. त्यासाठी आपल्या हयातीतच मुलाचे नाव आणि त्याच्या अक्षमतेचा दाखला कचेरीत नोंदवून ठेवावा. माझे वडील २०१२ साली वारले. आईचे कागद करावयास गेलो तेव्हा कळले की, त्यांच्या सेवापुस्तकात भावाचे नावच नव्हते. कदाचित त्यांना संकोच वाटला असेल, कदाचित कोणी विचारले नसेल. तीन वर्षे खेटे घातल्यावर नाव लागले. त्या तीन वर्षांत जर आई गेली असती, तर काय झाले असते, याचा विचार आजही मी टाळते.

आणि आता शेवटचा, पाचवा प्रश्न. आमच्यानंतर कोण?

श्रोते हो, अशा नऊ घरांत मी बसले-उठले आहे. त्या घरांतील धर्म वेगळे, जाती वेगळ्या, भाषाही सर्वांची एक नाही. पण प्रत्येक घरात, केव्हा ना केव्हा, आवाज खाली आणून, एकच वाक्य मला ऐकू आले आहे. "देवाने याला माझ्या एक दिवस आधी न्यावे." प्रथम जेव्हा मी माझ्याच आईच्या तोंडून ते ऐकले, तेव्हा मी तिच्यावर रागावले. असे अभद्र काय बोलतेस, म्हणाले. आज मला त्या रागाची लाज वाटते. आपल्याच मुलाच्या मरणाची मागणी करणारी आई निर्दय नसते. आपल्यानंतर या मुलाला पाणी देणारा कोणी नाही, असा हिशेब तिने शंभर रात्री जागून केलेला असतो, आणि त्या हिशेबाचे उत्तर प्रत्येक वेळी तेच आलेले असते.

त्या हिशेबात एखादा आकडा वाढविणे आपल्या हाती आहे. कायद्याच्या दृष्टीने मृत्युपत्र करावे, त्यात अंमलबजावणी कोण करील ते नाव घालावे. घर किंवा रक्कम नुसती मुलाच्या नावावर करून ठेवणे पुरेसे नाही, कारण ती वापरणार कोण? १८८२ सालच्या न्यास कायद्याखाली खासगी न्यास करून, दोन-तीन विश्वासू माणसांच्या हाती, केवळ या मुलाच्या पोषणासाठी, रक्कम ठेवता येते. गोव्यातील श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे की, तेथील वारसा कायद्याप्रमाणे मुलांचा हिस्सा राखीव असतो आणि आईबापांना आपल्या इच्छेने साधारणतः अर्ध्याच मालमत्तेची वाट लावता येते. तेव्हा वकिलाचा सल्ला तेथील कायदा जाणणाऱ्याचाच घ्यावा.

दुसरी गोष्ट भावंडांची. आपण बहुधा थोरल्या बहिणीला किंवा भावाला न विचारताच मनात ठरवून टाकतो की, पुढे हाच सांभाळील. आणि ते भावंड न विचारताच मनात ओझे घेऊन वाढते. मला माझ्या आईबापांनी कधी विचारले नाही. मी भावाला सांभाळते, आणि त्यात मला दुःख नाही; पण विचारले असते तर मी "हो" म्हटले असते, आणि ते "हो" माझे झाले असते. म्हणून मुले सोळा-अठरा वर्षांची झाली की त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे. कोणी म्हणेल, मी पैसे देईन पण घरी ठेवू शकणार नाही. कोणी म्हणेल, महिन्यातून चार दिवस माझ्याकडे. अर्धा आधार देऊ करणाऱ्याला दोष देऊ नये. असे चार अर्धे आधार मिळून एक आयुष्य निभावते.

तिसरी गोष्ट, मुलाला आपल्यावाचून राहण्याची सवय करणे. आईला हे फार जड जाते. पण आई अकस्मात गेल्यावर, त्याच आठवड्यात, अनोळखी छपराखाली, अनोळखी हातून पहिला घास घेण्याची वेळ त्याच्यावर येऊ द्यावी काय? आधी एक दुपार मावशीकडे, मग एक रात्र, मग अल्पकालीन निवासाची सोय असलेल्या संस्थेत दोन रात्री, अशा पायऱ्या कराव्यात. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली आधार ही संस्था आहे. प्रौढ झालेल्या मुलांना कायमचे घर मिळावे म्हणून आईबाप स्वतः पुढे झाले, हे तिच्याकडून शिकण्यासारखे आहे. देशभरच्या अशा पालक संघटनांचा परिवार नावाचा महासंघ १९९५ सालापासून काम करीत आहे. संस्थेत ठेवणे म्हणजे टाकून देणे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. मात्र संस्था निवडताना न सांगता दोन वेळा जाऊन पाहावे. रात्री किती माणसे हजर असतात, स्वच्छतागृहाची कडी कोठे आहे, भेटीला केव्हाही येऊ देतात की नाही, हे विचारावे. जेथे भेटीच्या वेळा फार थोड्या, तेथे थोडे थांबून विचार करावा.

गेल्या वर्षी माझ्या भावाला आम्ही अशाच एका ठिकाणी दोन रात्री ठेवले. आई बहात्तर वर्षांची आहे. त्या दोन्ही रात्री तिने दिवा मालवला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात बाकावर बसून दुसऱ्या एका मुलाच्या हातातली शेंग सोलून देत होता. आईला पाहून तो हसला, पण उठून आला नाही. शेंग पुरती सोलूनच आला. परतताना आई बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे त्याची वही वाचली होती वाटतं. भात कालवून दिला होता." त्या दिवसापासून एक दिवस आधी नेण्याची गोष्ट तिने माझ्यापुढे तरी काढलेली नाही.

श्रोते हो, या सर्व गोष्टी फार मोठ्या नाहीत. एक वही, एक अर्ज, एक प्रमाणपत्र, आठवड्यातून दोन दिवस उघडणारी एक खोली. पण त्या वेळेवर झाल्या तर एका माणसाचे पुढचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य निराळे होते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आज रात्री वहीचे पहिले पान लिहावे. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी आपल्या गल्लीत असे घर कोठे आहे ते आठवावे, आणि या रविवारी त्या घरी जावे. काही घेऊन जाण्याची गरज नाही. त्या मुलाकडे तोंड करून, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

माझा भाऊ आता चाळिशीच्या घरात आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो डब्याची पिशवी खांद्याला अडकवून दारात उभा राहतो, आणि दहाच्या सुमारास रिक्षा येते. बुधवारी सकाळीही कधी कधी तो तसाच उभा राहतो. तेव्हा मी त्याला सांगते, "आज सुट्टी. शुक्रवारी जायचं." तो आत येतो. परवाच्या दिवशी रिक्षा येणार आहे, हे त्याला कळत असावे, असे मला वाटते.